आईच्या पोटरीला मीच मालीश केली

वाचक भगिनी, वय 36. त्यांच्या 68 वर्षांच्या आईचा उजवा गुडघा दीड महिन्यापूर्वी बदलला. हॉस्पिटलातून सुटल्यावर त्या आईला आपल्या घरी घेऊन आल्या, कामावरून रजा काढली, आईला पाण्याचा पेलाही स्वतः उठून घेऊ दिला नाही. अठराव्या दिवशी आईच्या उजव्या पोटरीत गोळा आल्यासारखं दुखू लागलं. "ऑपरेशनचा पाय आहे, दुखणारच," म्हणून चार रात्री त्यांनी मालीश केली, गरम पाण्याची पिशवी दिली. घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्टने पाचव्या दिवशी पाय पाहिला आणि व्यायाम न घेता थेट हॉस्पिटलात पाठवलं. डॉपलर सोनोग्राफीत गुडघ्यामागच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी निघाली. आता आई घरी आहे, गोळ्या चालू आहेत. भाऊ म्हणतो, "तू तिला पलंगावरून हलू दिलं नाहीस, वर पाय चोळत बसलीस." त्या विचारतात: चूक माझीच का? गुठळी सुटेल या भीतीने मी आईला अजून झोपवूनच ठेवते, ते बरोबर आहे ना? आई म्हणते गोळ्या बंद कर, रक्त पाण्यासारखं होईल. आणि मी स्वतः गर्भनिरोधक गोळ्या घेते, पुढच्या महिन्यात अकरा तासांचा विमानप्रवास आहे. हे आमच्या रक्तातच असेल तर?

पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला दोन ओळी लिहून पाठवल्या होत्या: आईला उठवा, चालवा, आणि गोळ्या एक दिवसही चुकवू नका. त्या घाईत लिहिल्या होत्या, त्यामागची कारणं आज सविस्तर सांगते. तुमच्या परवानगीने पत्र इथे छापते आहे, कारण तुमच्यासारखी जिवापाड काळजी घेणारी माणसं पुष्कळ घरांत आहेत आणि त्यांतल्या बऱ्याच जणांच्या हातून नेमकं हेच होतं.

आधी पलंगाचं बोलू. आईला पाण्याचा पेलाही घेऊ दिला नाही, हे वाक्य तुम्ही समाधानाने लिहिलंत की पश्चात्तापाने, ते मला कळलं नाही. बहुधा दोन्ही असेल. आजारी माणसाला हलू न देणं म्हणजेच त्याची काळजी घेणं, हे आपल्या मनात इतकं खोल बसलं आहे की त्यावर कोणी प्रश्नच विचारत नाही. पण पायातलं रक्त वर कसं चढतं ते एकदा समजून घ्या. हृदय रक्त खाली ढकलतं. पावलापासून पुन्हा छातीपर्यंत ते चढवायला मात्र हृदयाचा एकट्याचा जोर पुरत नाही, तिथे पोटरी मदतीला येते. पोटरीच्या स्नायूंमधून खोल शिरा जातात. पाऊल टाकलं की स्नायू आवळतो, शीर पिळली जाते आणि रक्त वर सरकतं. शिरेच्या आत छोट्या छोट्या झडपा असतात, त्या रक्ताला परत खाली येऊ देत नाहीत. म्हणून पोटरीला दुसरं हृदय म्हणतात. माणूस दिवसभर पडून राहिला की या दुसऱ्या हृदयाचं काम जवळजवळ थांबतं, झडपांच्या खोबणीत रक्त साचतं, आणि गुठळीची सुरुवात बहुतेक वेळा तिथेच होते.

हे झालं गुठळी होण्यापूर्वीचं. तुमचा आजचा प्रश्न गुठळी झाल्यानंतरचा आहे, आणि तुमची भीती मला पूर्ण समजते. मी शिकत होते तेव्हा वॉर्डात असाच नियम होता: पायात गुठळी सापडली की रुग्ण आठवडाभर अंथरुणात, लघवीलाही उठायचं नाही. आम्ही तो नियम मनापासून पाळायचो. पुढे अभ्यासांतून दिसलं की औषध व्यवस्थित सुरू झाल्यावर जे रुग्ण चालू लागतात त्यांच्यात गुठळी फुप्फुसात जाण्याचं प्रमाण वाढत नाही, उलट पायाचं दुखणं लवकर कमी होतं. तुमच्या आईच्या डिस्चार्ज कार्डावर "चालण्यास हरकत नाही" असं लिहिल्याचं तुम्हीच पत्रात उतरवलं आहे. तरीही दोन आठवडे त्या पलंगावर आहेत, कारण "हरकत नाही" या शब्दांनी भीती जात नाही. मी जरा स्पष्ट सांगते. त्यांना चालवायलाच हवं.

जागेपणी तासाभरात एकदा तरी उठवा. वॉकर धरून खोलीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन आल्या तरी सुरुवातीला पुरे. खुर्चीत बसल्या की पाय लोंबकळत ठेवायचा नाही, समोर स्टुलावर घ्यायचा. पलंगावर असतील तेव्हा पावलं वर-खाली करायची, स्कूटरची किक मारल्यासारखी नाही, सावकाश, पोटरी ताणलेली जाणवेल अशी, एका वेळी दहा-वीसदा. आणि गुडघ्याखाली उशी ठेवत असाल तर ती आजच काढा. आराम वाटतो म्हणून सगळेच ठेवतात. पण त्याने नवा गुडघा पूर्ण सरळ होत नाही आणि गुडघ्यामागच्या शिरेवर दाब येतो. उशी ठेवायचीच तर टाचेखाली ठेवा, म्हणजे सगळा पाय उंचावर राहील.

आता मालीश. याच गोष्टीने तुम्हाला रात्री झोप लागत नाही असं तुम्ही लिहिलं आहे, म्हणून नीट सांगते. तुमच्या मालिशीमुळे गुठळी झाली नाही. एकोणिसाव्या शतकात रुडॉल्फ फिर्शो या जर्मन डॉक्टरने दाखवून दिलं की फुप्फुसात सापडणारी गुठळी अनेकदा पायाच्या शिरेतून वाहत आलेली असते. गुठळी का होते याची तीन कारणं आजही त्याच्याच नावाने शिकवतात: रक्त संथ होणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं, आणि रक्ताची गोठण्याची ओढ वाढणं. गुडघा बदलताना ही तिन्ही एकदम घडतात. ऑपरेशनच्या वेळी मांडीला पट्टा आवळून रक्त थांबवतात, गुडघा दुमडताना मागची शीर पिळवटते, आणि शरीराला मोठी जखम झाली की रक्त काही आठवडे सहज गोठू लागतं, कारण रक्तस्राव थांबवणं हे त्याचं कामच आहे. त्यात पडून राहण्याची भर पडली. मालीश सुरू झाली ती पोटरी दुखू लागल्यावर, म्हणजे गुठळी बहुधा तोवर झालेली होती.

धोका होता तो पुढचा. चोळण्याने, दाबण्याने तयार गुठळीचा तुकडा सुटून वर जाऊ शकतो. तुमच्या बाबतीत तसं झालं नाही. वाचणाऱ्या इतरांना माझी हात जोडून विनंती आहे: एकच पोटरी नव्याने दुखू लागली असेल, विशेषतः ऑपरेशन, प्लास्टर, बाळंतपण किंवा मोठ्या आजारानंतर, तर ती चोळू नका, रगडू नका, तिच्यावर मशीन फिरवू नका. आधी दाखवा.

तुमच्या पत्रात मला ज्या वाक्यापाशी थांबावं लागलं ते मात्र वेगळंच आहे. अगदी शेवटी, जाता जाता तुम्ही लिहिलं आहे: "डिस्चार्जच्या वेळी दिलेली गोळ्यांची एक पट्टी आईने अर्धीच घेतली, कारण मांडीवर निळा डाग पडला होता. ती पट्टी अजून डब्यात आहे." त्या पट्टीवरचं नाव मी तुम्हाला कळवायला सांगितलं. ती गुठळी होऊ नये म्हणून दिलेली गोळी होती. गुडघा बदलल्यावर असं औषध साधारण दोन आठवडे देतात, खुबा बदलल्यावर चार-पाच आठवडे. आईने ते सहाव्या दिवशी थांबवलं. आईला बोल लावण्यासाठी मी हे सांगत नाही. डिस्चार्जच्या गडबडीत सात औषधांची यादी हातात पडते, त्यातली वेदनेची कोणती आणि पोटाची कोणती हे कळतं, पण ही गोळी कशासाठी आणि ती मध्येच सोडली तर काय, हे त्यांना कोणी बसून सांगितलेलं दिसत नाही. काहीच त्रास होत नसताना घ्यायची गोळी माणूस सगळ्यात आधी सोडतो. ज्यांच्या घरात मोठं ऑपरेशन व्हायचं आहे त्यांनी डिस्चार्जच्या दिवशी एवढं विचारून कार्डावर लिहून घ्यावं: गुठळीसाठी काय दिलं आहे, किती दिवस घ्यायचं आहे, डाग पडला तर कोणाला फोन करायचा.

भावाला हे वाक्य दाखवा असं मी म्हणणार होते, पण त्याने फक्त दोषाचं बोट तुमच्याकडून आईकडे वळेल. तुम्हा तिघांत दोषी शोधण्याने आईच्या पायाला काही मिळायचं नाही. ऑपरेशननंतरच्या सगळ्या खबरदाऱ्या घेऊनही काही जणांना गुठळी होतेच, हेही खरं आहे. आणि पाच दिवसांत तुम्ही डॉपलरपर्यंत पोहोचलात. कित्येक जण तिथवर पोहोचतच नाहीत.

मग ते चार दिवस का गेले? "ऑपरेशनचा पाय आहे, सूज येणारच" या समजुतीने. ती पूर्ण खोटी नाही, म्हणूनच फसवते. गुडघा बदलल्यावर सूज येते, पण ती मुख्यतः गुडघ्याभोवती असते आणि दिवसागणिक उतरायला हवी. उतरत चाललेली सूज पुन्हा चढली, पोटरी किंवा घोटा नव्याने फुगला, पोटरी दाबली की खोलवर दुखतं, पाय खाली सोडला की ठणका वाढतो, एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो, कातडी ताणून चकाकते, यांतलं काहीही दिसलं तरी तो नेहमीचा ऑपरेशनचा पाय राहिला नाही. लाली दिसेलच असं धरून बसू नका. सावळ्या कातडीवर ती अनेकदा दिसत नाही, कधी पाय नुसता काळपट वाटतो. पायात पेटका येतो तेव्हा कळ जबरदस्त असते, पण ती काही मिनिटांत ओसरते आणि पाय पूर्ववत होतो. गुठळीचं दुखणं तसं सोडत नाही. उद्याही असतं, परवाही.

घरात शिवणकामाची टेप असेल तर एक गोष्ट करता येते. गुडघ्याच्या वाटीखाली नडगीवर हाडाचा एक उंचवटा हाताला लागतो. तिथून दहा सेंटीमीटर खाली पेनाने खूण करा, दोन्ही पायांवर. खुणेवर टेप फिरवा, आवळायची नाही, नुसती टेकवायची. दोन पोटऱ्यांत तीन सेंटीमीटरपेक्षा जास्त फरक असेल तर डॉक्टरही त्याला गंभीरपणे घेतात, त्यांच्या तपासणीच्या गुणांकनात तो एक मुद्दा आहे. टेप नसेल तर मोज्याचा वळ पाहा: एकाच पायावर तो खोल रुतलेला दिसतो का? अंगठ्याने नडगी दाबून धरली की एकाच पायावर खळगा राहतो का? दोन्ही पाय सारखेच सुजले असतील तर कारण बहुधा वेगळं असतं, हृदय, मूत्रपिंड, एखादं औषध. तेही दाखवायलाच हवं, पण तो वेगळा विषय. आणि फरक कमी भरला म्हणून निश्चिंतही होऊ नका. पोटरी सतत दुखते आहे आणि अलीकडे ऑपरेशन झालेलं आहे, एवढंही दाखवायला पुरेसं आहे.

टेपबद्दल मी इतकं का लिहिते ते सांगते. मी शिकाऊ डॉक्टर होते तेव्हा घोटा मोडलेला एक तरुण मुलगा प्लास्टर घातलेल्या पायाने दोनदा आला. "प्लास्टर घट्ट झालंय," एवढीच तक्रार. मी बोटं पाहिली, ती हलत होती, गरम होती. वेदनाशामक गोळी लिहून परत पाठवलं. चौथ्या दिवशी त्याला दम लागला म्हणून आणलं, छातीत गुठळी. तो वाचला. पण प्लास्टर घट्ट होत नसतं, आतला पाय सुजतो, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात यायला त्याला एवढं सोसावं लागलं. त्यानंतर पाय दुखतो म्हणणाऱ्या माणसाचे दोन्ही पाय उघडे करून शेजारी शेजारी पाहिल्याशिवाय मी कधी पुढे गेले नाही.

तपासणीबद्दल दोन शब्द. डॉपलरच्या वेळी डॉक्टर यंत्राचा दांडा शिरेवर हलकेच दाबतात. निरोगी शीर दाबली की पडद्यावर पापणी मिटावी तशी मिटते. गुठळी असलेली मिटत नाही. त्यात सुई नाही, वेदना नाही, किरणांचा मारा नाही. काही जण परस्पर लॅबमध्ये जाऊन डी-डायमर नावाची रक्ततपासणी करून येतात. ज्यांना गुठळीची शक्यता मुळात कमी आहे त्यांच्यात ती नॉर्मल आली तर तिचा खूप उपयोग होतो. पण ऑपरेशननंतर, गरोदरपणात, जंतुसंसर्गात ती तशीही वाढलेली असते. तुमच्या आईसारख्या रुग्णाला थेट डॉपलरच हवी. आणि पहिली डॉपलर स्वच्छ निघाली पण पाय तसाच दुखत राहिला, तर आठवड्याने पुन्हा करण्याचा आग्रह धरा, कारण पोटरीतली लहान गुठळी पहिल्या वेळी निसटू शकते आणि नंतर वर वाढू शकते.

हे सगळं सोडून कधी धावायचं, तेही लिहून ठेवते. अचानक दम लागणं, खोल श्वास घेताना छातीत टोचणं, खोकल्यातून रक्त पडणं, कारण नसताना छातीत धडधड, घेरी येऊन कोसळणं. यांतलं एकही झालं तर ते गुठळी फुप्फुसात गेल्याचं लक्षण असू शकतं. तिथे टेप नाही, डॉपलरची अपॉइंटमेंट नाही. रुग्णवाहिका बोलवायची आणि अतिदक्षता विभाग असलेल्या हॉस्पिटलात जायचं. पाय चांगला दिसतो म्हणून थांबायचं नाही, कारण अशा पुष्कळ रुग्णांचा पाय अजिबात सुजलेला नसतो.

तिथे पोहोचल्यावर "गुठळी तर नसेल ना?" हा प्रश्न स्वतः तोंडाने विचारा. डॉक्टरला राग येईल, आपण शहाणपणा करतोय असं वाटेल, या संकोचाने माणसं गप्प बसतात. टेनिसपटू सेरेना विल्यम्सला 2011 मध्ये फुप्फुसात गुठळी झाली होती. 2017 मध्ये सिझेरियन होऊन मुलगी झाली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी तिला दम लागला. तिने स्वतः नर्सला सांगितलं की मला सीटी स्कॅन आणि हेपॅरिन (गुठळी वाढू न देणारं औषध) हवं. आधी पायाची सोनोग्राफी झाली, त्यात काही निघालं नाही. तिने पुन्हा आग्रह धरला, मग स्कॅन झाला आणि फुप्फुसात गुठळ्या सापडल्या. जगभर नाव असलेल्या बाईलाही दोनदा सांगावं लागलं. तेव्हा आपण दोनदा सांगण्यात लाजायचं काय कारण?

आता आईच्या गोळ्या. "रक्त पातळ करणारी गोळी" हे आपल्याकडचं रूढ नाव मला फार खटकतं, कारण सगळी भीती त्या नावातून येते. रक्त त्याने पातळ होत नाही. रक्त गोठवणारी जी साखळी असते तिच्या एक-दोन कड्यांची गती या गोळ्या कमी करतात, एवढंच. आणि त्या गुठळी विरघळवतही नाहीत. त्या तिला वाढू देत नाहीत, नवी होऊ देत नाहीत. असलेली गुठळी शरीर स्वतः हळूहळू जिरवतं. या कामाला वेळ लागतो, म्हणून ऑपरेशननंतर झालेल्या गुठळीसाठी सहसा किमान तीन महिने औषध देतात. सूज दहा दिवसांत उतरली म्हणून गोळी सोडली तर नेमक्या धोक्याच्या काळात आई उघड्यावर पडतील. हे त्यांना तुमच्या शब्दांत सांगा. मागच्या वेळी गोळी सोडली तेव्हा काय झालं, हे मात्र त्यात आणू नका. त्यांना ते ठाऊक आहे.

भीती अगदीच निराधार आहे असंही नाही. रक्तस्राव हा या औषधांचा खरा दुष्परिणाम आहे. हातावर लहानसा डाग पडला तर घाबरू नका. पण शौचाला डांबरासारखं काळं होणं, लघवी लाल होणं, नाक चिमटीत धरूनही दहा-पंधरा मिनिटांत रक्त न थांबणं, असं झालं तर लगेच डॉक्टर गाठा. डोक्याला मार लागला तर बरं वाटत असलं तरी दाखवायचं. गुडघा दुखतो म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक अशा गोळ्या स्वतःहून देऊ नका, दोन्हींनी मिळून रक्तस्राव वाढतो. पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. दात काढायचा असो की डोळ्याचं ऑपरेशन, आधी ही गोळी चालू असल्याचं सांगायचं. तुमच्या आईला दिलेली गोळी नव्या प्रकारची आहे, तिला सारखी रक्ततपासणी लागत नाही, पण एक वेळ चुकली तर तिचा परिणामही लवकर ओसरतो. ज्यांना जुनी वॉरफरिन चालू आहे त्यांनी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ते दाखवणारा आकडा) वेळेवर तपासायचं, बहुतेकांसाठी ते 2 ते 3 मध्ये असावं लागतं, आणि हिरव्या पालेभाज्यांचं प्रमाण रोज साधारण सारखं ठेवायचं. त्या बंद करायची गरज नसते.

पायाची सूज काही महिने संध्याकाळी थोडी येत राहील. झडपांना इजा झाली असेल तर काहींचा पाय पुढेही जड राहतो. म्हणजे गुठळी वाढते आहे असं नाही. पायावर दाब देणारं स्टॉकिंग घालायचं का, हे डॉक्टरांना विचारून ठरवा, परस्पर विकत आणू नका; पायाच्या रोहिण्या (हृदयाकडून रक्त आणणाऱ्या नळ्या) आकुंचन पावलेल्या असतील तर घट्ट स्टॉकिंगने नुकसान होतं.

शेवटी तुमच्याकडे वळते, कारण पत्रभर आईची काळजी करून स्वतःचा प्रश्न तुम्ही दोन ओळींत उरकला आहे. "हे आमच्या रक्तातच असेल तर?" काही घराण्यांत रक्त लवकर गोठण्याची प्रवृत्ती खरोखर असते. तिची शंका केव्हा घ्यायची? रक्ताच्या जवळच्या नात्यात कोणाला तरुण वयात, ऑपरेशन-प्लास्टरसारखं काही कारण नसताना गुठळी झाली असेल तेव्हा, किंवा एकाहून जास्त जणांना झाली असेल तेव्हा. 68 व्या वर्षी गुडघा बदलल्यावर झालेली गुठळी त्यात बसत नाही. तरी मावश्या, मामा, आजी यांच्यात कोणाला असं झालं होतं का, कोणी बाळंतपणानंतर अचानक गेलं का, हे आईला विचारा. ती माहिती आईच्या पिढीबरोबर जाते.

गर्भनिरोधक गोळ्या घाबरून मध्येच बंद करू नका. ज्यांत इस्ट्रोजेन हे स्त्री-संप्रेरक असतं त्या गोळ्यांनी धोका वाढतो, हे खरं. पण किती? गोळी न घेणाऱ्या 10,000 बायकांमध्ये वर्षाला 1 ते 5 जणींना गुठळी होते, घेणाऱ्यांमध्ये साधारण 3 ते 9 जणींना, गरोदरपणात 5 ते 20, आणि बाळंतपणानंतरच्या बारा आठवड्यांत हाच दर 40 ते 65 वर जातो. गोळी सोडून नको असताना दिवस राहिले तर धोका कमी होण्याऐवजी वाढेल. तुमच्या स्त्रीरोगतज्ज्ञाला आईचं झालेलं सांगा, तुम्ही धूम्रपान करत असाल, वजन जास्त असेल, अर्धशिशीत डोळ्यांपुढे चमकत असेल तर तेही सांगा. इस्ट्रोजेन नसलेल्या गोळ्या आणि तांबी हे पर्याय आहेत. पण ते ठरेपर्यंत चालू गोळी चालू राहू द्या.

प्रवासाचं म्हणाल तर दोष विमानाचा नाही, बसून राहण्याचा आहे. 1940 मध्ये लंडनवर बाँब पडत होते, तेव्हा लोक रात्र रात्र आसऱ्यात खुर्च्यांवर बसून झोपत. त्यांच्यात फुप्फुसात गुठळी जाऊन अचानक मृत्यू होऊ लागल्याचं कीथ सिम्पसन या डॉक्टरने त्याच वर्षी नोंदवलं. खुर्चीची पुढची कड मांडीच्या मागे रुतत होती. बस, ट्रेन, मोटार, सगळीकडे हेच घडतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2007 च्या अहवालानुसार चार तासांहून जास्त प्रवासाने धोका साधारण दुप्पट होतो, तरीही निरोगी माणसासाठी तो सुमारे 6,000 त एक एवढाच राहतो. तेव्हा तिकीट रद्द करू नका. कडेची सीट घ्या, दर तास-दीड तासाला उठा, बसल्या जागी पावलं वर-खाली करत राहा, सामान पायाशी कोंबू नका, झोपेची गोळी घेऊन सलग आठ तास दुमडून झोपू नका, पाणी पीत राहा. गुठळीसाठी म्हणून ॲस्पिरिन घेण्याची गरज नाही. तुमच्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यामुळे गुडघ्यापर्यंतचे प्रवासी स्टॉकिंग घालायचे का, हे त्याच भेटीत डॉक्टरांना विचारा. मापाचे असतील तर अशा प्रवासात ते उपयोगी पडतात. परत आल्यावर आठ-दहा आठवड्यांत कधीही एक पाय सुजला किंवा दम लागला तर प्रवास झाल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा. इतके दिवस उलटल्यावर त्याचा संबंध कोणाला सुचत नाही.

तुम्ही अकरा तास लांब असाल तेव्हा आईपाशी भाऊ असणार. त्याला हे सगळं समजावत बसू नका. गोळीच्या वेळा, धोक्याची लक्षणं आणि डॉक्टरांचा नंबर एका कागदावर लिहा, टेप त्याच्या हातात द्या, आणि आईच्या पायावर पेनाची खूण कुठे करायची ते एकदा त्याच्याकडूनच करून घ्या. आपण काहीतरी करतोय असं वाटलं की माणसाचा बोल लावण्याचा सूर बराच खाली येतो, असा माझा अनुभव आहे.

आणि एक. आईचा डावा गुडघाही वर्षभरात बदलायचा आहे असं तुम्ही लिहिलं आहे. त्याला ना म्हणू नका. मात्र सर्जनला भेटाल तेव्हा वय, मधुमेह, जुने एक्स-रे या सगळ्याच्या आधी पहिलं वाक्य हे सांगा: मागच्या वेळी अठराव्या दिवशी गुठळी झाली होती. डॉपलरचा रिपोर्ट सोबत न्या. आणि ती अर्धी पट्टीही.